भाजणी अजून डब्यातच आहे

दिवाळी अंकासाठी संपादकांनी या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली, तेव्हा फराळ, अपचन आणि पथ्यपाणी हा दरसालचा विषय घ्यावा असे मी मनाशी ठरवून टाकले होते. पण ऐन पितृपंधरवड्यात एक पत्र आले आणि तो बेत बाजूला राहिला. हल्ली वाचकांची पत्रे म्हणजे बहुतेक मोबाइलवरचे दोन ओळींचे प्रश्न असतात; हे मात्र चांगले चार पानी, वहीच्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेले होते. पाठविणाऱ्या बाई साताऱ्याकडच्या एका मोठ्या गावातल्या, साठीच्या पुढच्या. ओळख पटेल अशा खुणा मी काढून टाकल्या आहेत.

बाईंची तक्रार सुनेविषयी आहे, एवढे वाचून आपण ओठ मुरडाल. मीही मुरडले होते. पण पत्र पुढे वाचत गेलो तसा मी सावरून बसलो. सून एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई. घरात शिलाईचे मशीन चालवून संसाराला हातभार लावणारी, हसतमुख. श्रावणापासून ती मिटत चालली आहे. पहाटे तीनला उठून अंधारात स्वयंपाकघरात बसून राहते. जेवण पानात चिवडते. शेजारणींची ब्लाउजपिसे मशीनवर तशीच पडून आहेत. गौरींच्या फराळासाठी मोठ्या हौसेने भाजून, दळून आणलेली चकलीची भाजणी अजून डब्यातच आहे. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, डब्याचे झाकण उघडले नाही. परवा ती सासूला म्हणाली, “आई, मी या घराला भार झाले.”

घरच्यांनी आपापल्या परीने उपाय केले. नवऱ्याने “मनाला लावून घेऊ नकोस” म्हणून सांगितले, दिराने एका जाणत्याकडे नेऊन अंगारा आणला, माहेरच्यांनी आठ दिवस विश्रांतीला नेले. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी “डिप्रेशन” असे निदान करून गोळ्या लिहून दिल्या. पत्र लिहिले तो गोळ्यांचा अकरावा दिवस. गुण काही नाही. उलट मळमळते, हातपाय अस्वस्थ होतात. शेजारी सांगतात की या गोळ्यांची सवय जडते आणि त्या जन्माच्या लागतात. मुलगा म्हणतो, बंद करू. बाईंनी शेवटी मला विचारले आहे: “डॉक्टर, तुम्ही सांगाल तसे करू. बंद करू का?”

उत्तर मी त्याच दिवशी टपालात टाकले, कारण ते दिवाळीपर्यंत थांबण्याजोगे नव्हते. ‘बंद करू नका, मळमळीविषयी त्याच डॉक्टरांना उद्याच विचारा, आणि तिला एकटी सोडू नका.’ एवढेच तीन ओळींत कळविले. त्या तीन ओळींमागचे कारण मात्र मोठे आहे, आणि ते कारण अनेक घरांना हवे असेल, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दुःख निराळे आणि हा रोग निराळा. घरात कोणी गेले, नोकरी सुटली, पीक बुडाले, तर माणूस रडतो, खिन्न होतो. पण त्या दुःखाला भरती-ओहोटी असते. तेराव्याला जमलेली माणसेसुद्धा गेलेल्या माणसाची एखादी लकब आठवून हसतात. नैराश्याच्या रोगात ओहोटीच येत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत, दिवसामागून दिवस, निदान दोन आठवडे मन खाली बसलेले असते. किंवा मन खिन्न आहे असेही माणूस म्हणत नाही, त्याला कशातच गोडी उरत नाही एवढेच. जोडीला झोप बिघडते, भूक मरते (क्वचित वाढते), अंगातली ताकद गेल्यासारखी होते, चार ओळी वाचल्या तरी डोक्यात शिरत नाहीत, हालचाल मंदावते किंवा उगीच तगमग होते. पुष्कळांना पहाटे लवकर जाग येते आणि ती वेळ दिवसातली सर्वांत वाईट असते; संध्याकाळकडे थोडे बरे वाटते. आमच्या मातोश्री अशा माणसाला “दिवस उगवला की याचा मावळतो” म्हणत.

आणि एक लक्षण आहे ते घरच्यांना सर्वांत चकवते: स्वतःविषयीचा दोष. काविळीला सारे पिवळे दिसते म्हणतात, तसे या रोग्याला सारे आपल्याच चुकीने घडलेले दिसते. दूध नासले तरी आपला दोष, मुलाला ताप आला तरी आपला दोष. “मी भार झाले” हे त्या सुनेचे वाक्य घरातल्या भांडणातून आलेले नाही, ते आजारातून आलेले आहे. सासूबाईंनी ते मनाला लावून घेऊन, “आम्ही हिला असे काय बोललो?” म्हणून चार रात्री झोप घालविली आहे. बाई, आपण काही बोललेल्या नाहीत.

आता माझी एक जुनी चूक सांगतो. मी मनोविकारतज्ज्ञ नव्हे, गल्लीतला साधा फॅमिली डॉक्टर. आपल्याकडे हा रोग डॉक्टरच्या दारात येतो तो मनाचे नाव घेऊन येत नाही. डोके जड, पाठ धरली, अंगात त्राण नाही, छातीत धडधड, पोटात गुबारा, अशा वेषात येतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक गणिताचे मास्तर अशीच अशक्तपणाची तक्रार घेऊन माझ्याकडे येत. मी रक्त तपासले, लघवी तपासली, छातीचा आलेख काढला, सारे ठीक. मग मी जे करू नये ते केले. ताकदीची इंजेक्शने दिली, टॉनिकच्या बाटल्या दिल्या. एक संपली की दुसरी, असे आठ महिने चालले. मास्तर बिचारे प्रत्येक खेपेला “थोडा फरक वाटतो” म्हणत. ते मला बरे वाटावे म्हणून म्हणत होते, हे मला फार उशिरा समजले.

एके संध्याकाळी त्यांनी आपली गणिताची पुस्तके शेजारच्या मुलाला देऊन टाकली. चाळीस वर्षांची जमविलेली पुस्तके! त्यांच्या पत्नी चौथी शिकलेल्या. पण जे माझ्या आलेखात दिसले नाही ते त्यांना त्या रिकाम्या फळीत दिसले. त्यांनी दार लावून घेतले, समोर बसल्या आणि सरळ विचारले, “तुमच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे येते का?” मास्तर प्रथमच मोकळे होऊन रडले आणि “हो” म्हणाले. त्या रात्री साडेदहाला दोघे माझ्या दारात उभे होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले त्या पाहण्यात राग नव्हता, हेच मला अधिक बोचले. आठ महिने मी नाडी पाहत होतो, जीभ पाहत होतो. हा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

मास्तर योग्य उपचारांनी बरे झाले, पुन्हा शिकवू लागले. त्या दिवसापासून अशक्तपणाच्या प्रत्येक रोग्याला मी झोपेचे विचारतो, गोडीचे विचारतो आणि शेवटी तो प्रश्न विचारतो. “असे विचारले तर नसलेला विचार मनात घातल्यासारखे होईल,” अशी सुशिक्षितांचीही समजूत आहे. ती खोटी आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही. एकट्याने वाहिलेले ओझे कोणाला तरी दाखविता आले याने बहुधा हायसेच वाटते. उत्तर “हो” आले तर मात्र त्या क्षणापासून त्या माणसाला एकटे ठेवू नये, जिवाला घातक अशा वस्तू घरातून हलवाव्यात आणि डॉक्टरांची भेट उद्यावर टाकू नये.

एक सावधगिरी तज्ज्ञांकडे जाण्याआधीची. थायरॉइडची ग्रंथी मंदावली, रक्त कमी झाले, बी-१२ जीवनसत्त्व फार उतरले किंवा काही औषधे चालू असली, तरी माणूस असाच मलूल होतो. तेव्हा रक्त तपासणे चूक नव्हे. रक्त चांगले निघाले म्हणून “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगून घरी पाठविणे, ही चूक.

आता गोळ्या. या औषधांचा इतिहास मला नेहमीच मौजेचा वाटतो, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या मासिकात निबंध लिहून दाखविले की तिने वाढलेला रक्तदाब उतरतो. जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्विस रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. ते सर्वत्र वापरात आले, आणि मग काही रोग्यांचा रक्तदाब उतरता उतरता त्यांचे मनही उतरू लागल्याचे डॉक्टरांना आढळले. नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनायझिड नावाचे नवे औषध देत होते, तेथे उलटाच प्रकार घडला. अंथरुणाला खिळलेली माणसे उल्हासित झाली, वॉर्डात नाचू लागली! एका औषधाने मन बुडते, दुसऱ्याने तरंगते. शोधाशोध केली तेव्हा दिसले की मेंदूतल्या पेशी ज्या द्रव्यांच्या द्वारे एकमेकींना निरोप धाडतात, ती द्रव्ये पहिल्या औषधाने घटतात आणि दुसऱ्याने टिकून राहतात. १९५७ च्या सुमारास नैराश्यावरची पहिली औषधे वैद्यकात आली ती या वाटेने. आज अधिक वापरात असलेल्या, पुष्कळ सौम्य गोळ्या १९८० नंतरच्या.

यावरून “डोक्यातले एक रसायन कमी पडते, गोळी ते भरून काढते” असे सोपे स्पष्टीकरण रूढ झाले. मीही रोग्यांना तेच सांगत असे. पण ते पुरते खरे नाही. गोळी घेतल्यावर त्या द्रव्यांत काही तासांत बदल होतो. मनाला उतार पडायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता गुण दिसायला सहा-आठ. म्हणजे मधल्या काळात मेंदूत आणखी काही सावकाश घडत असले पाहिजे. बियाणे पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून कोणी पाहत नाही. अकराव्या दिवशी गोळीचा निकाल मागणे तशातलेच.

अडचण अशी, की गोळीचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, अस्वस्थपणा ही बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाणवून ओसरतात. हे आधी सांगितले तर माणूस सोसतो. न सांगितले तर गोळी खिडकीबाहेर जाते. आमच्या धंद्यातली मंडळी चिठ्ठी लिहिताना ही दोन वाक्ये का बोलत नाहीत, हे मला कोडे आहे. बाहेर पन्नास माणसांची रांग असते हे खरे. पण त्या दोन वाक्यांवाचून चिठ्ठी वाया जाते. हे पहिले आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहण्याचेही असतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत तर विशेषच, कारण त्यांच्यापैकी काहींच्या मनात या काळात जिवाचे वाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तगमग फार वाढली, बोलणे बदलले, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

पहिल्याच औषधाने सर्वांना पुरता गुण येतो असेही नाही. कोणाला प्रमाण वाढवावे लागते, कोणाला औषध बदलावे लागते. यात ना डॉक्टरची फजिती, ना रोग्याचा दोष. रोग्याला पूर्वी कधी उलट टोकाचा, म्हणजे झोपेवाचून उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड असा काळ येऊन गेला असेल, तर तो मात्र आवर्जून सांगावा; कारण तेथे रोग निराळा असतो आणि नुसती ही गोळी घात करू शकते.

सवयीचे म्हणाल, तर दारूप्रमाणे या गोळ्यांची तलफ येत नाही, प्रमाण वाढवीत जावे लागत नाही. पण त्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. म्हणून हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवायच्या. आणि बरे वाटले की लगेच नव्हे. बरे वाटू लागल्यावर साधारण सहा-नऊ महिने तरी चालू ठेवाव्या लागतात. रोग वारंवार उलटत असेल तर अधिक. जन्मभर सर्वांनाच लागत नाहीत.

गोळी हाच एक उपचार, असे मात्र मी म्हणणार नाही. सौम्य दुखण्यात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही काम भागते. मध्यम आणि तीव्र दुखण्यात बहुधा दोन्हींचा आधार घ्यावा लागतो. बोलण्याचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय साप्ताहिकात आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रोगी निवडले. निम्म्यांना केंद्रावरचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेट घेणारे डॉक्टर नव्हते, तज्ज्ञही नव्हते. त्याच भागातली, काही आठवडे शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले शंभरांत ३९ रोगमुक्त झाले होते, दुसऱ्यातले ६४.

या भेटींत करीत काय? रोगी म्हणतो, “बरे वाटले की करीन.” हे लोक त्याच्याबरोबर बसून उलट वाट आखीत: आधी थोडे करायचे, बरे वाटणे मागून येते. ओट्यावर दहा मिनिटे बसायचे, एका मैत्रिणीला फोन करायचा, एवढेच. आणि पुढच्या भेटीला, झाले की नाही, ते न रागावता विचारायचे. “ऊठ, हातपाय हलव” या घरगुती हुकमात आणि यात फरक कोणता, असे कोणी विचारील. फरक मापाचा आहे. घरचे लोक पूर्वीच्या धडधाकट माणसाचे माप लावतात. येथे आज जेवढे पेलेल तेवढेच उचलायला देतात.

विजेच्या उपचाराविषयी एवढेच, की सिनेमात दाखवितात तो प्रकार विसरून जा. तो भूल देऊन, स्नायू सैल करून करतात. त्यांवाचून करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या किंवा जिवावर उठलेल्या रोग्याला तो कित्येकदा लवकर सावरतो. काही दिवस विस्मरण होते, क्वचित काही आठवणी परत येत नाहीत, हेही खरे.

याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असे धरून शिक्षेपासून वाचविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुने कलम घेतलेलेच नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने इस्पितळ टाळू नये. सरकारची १४४१६ ही फोनसेवा (‘टेली-मानस’) ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागते आणि मराठीत बोलता येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले होते की आपल्या देशात वीसांतल्या एका प्रौढाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा रोग गाठतो, आणि गाठलेल्यांपैकी शंभरांत सुमारे ८५ जण उपचारांवाचून राहतात. म्हणजे ती सून अकराव्या दिवसापर्यंत पोचली हेच मुळी थोडे झालेले नाही, आणि ते सासूच्या खटपटीने झाले.

आता राहिलेली गोष्ट. बाईंच्या पत्राला ताजा कलम होता: भाजणी दिवाळीपर्यंत टिकेल का? हा विषय माझ्या खात्यातला नव्हे; मी पत्र आत नेऊन दिले. आमच्या घरातून उत्तर आले ते जसेच्या तसे देतो. डबा कोरडा असेल आणि झाकण घट्ट असेल तर टिकते. आधी वास घेऊन पाहावा, खवट लागली तर टाकावी आणि पावशेर नवी भाजावी, जास्त नको. सोऱ्या सासूबाईंनी धरावा. सुनेला नुसते शेजारी पाट टाकून बसवावे, आणि तिने मागितलाच तर तिच्या हाती द्यावा. चार पाडून ती उठून गेली, तर उरलेल्या कोणी पाडायच्या ते आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे तिच्यामागून कोणी हाक मारणार नाही.